तेच खेळाडू, वेगळा खेळ : स्टीव्ह कर आणि २०१४-१५ चे वॉरियर्स

चिंचोके

मी रोज संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. गेले दोन महिने एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. संघातली सगळ्यात तयारीची मुलगी चेंडू घेते, ड्रिबल करत थेट रिंगखाली जाते आणि बास्केट करते. बाकीच्या चौघी जागेवर उभ्या. सामने आम्ही जिंकतो, पण घरी जाताना त्या चौघींकडे बघवत नाही. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, "ताई, पुढच्या सामन्याला मी नाही आले तर चालेल का? तशीही मी नुसती धावतेच."

त्या रात्री मी अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचे २०१४-१५ च्या, म्हणजे विजेतेपदाच्या, हंगामातले सामने पुन्हा काढून बसले. जवळजवळ तोच संघ हाताशी धरून त्याचा खेळ पार बदलून टाकल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्यावर इथे सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

आधीच्या, म्हणजे २०१३-१४ च्या हंगामात हाच संघ ५१ सामने जिंकला होता. प्रशिक्षक होते मार्क जॅक्सन. स्टेफ करी होता, क्ले थॉम्पसन होता, डिफेन्स लीगमधल्या उत्तम डिफेन्सपैकी एक होता. पण आक्रमणात हा संघ पहिल्या दहातही नव्हता. ज्या संघात करी आणि थॉम्पसनसारखे दोन नेमबाज आहेत, त्याचं आक्रमण मधल्या फळीत अडकतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे, ते पासच्या आकड्यात दिसायचं. सामन्याला अडीचशेपेक्षा कमी पास, ३० संघांत सगळ्यात कमी. चेंडू एकाकडे जायचा, तो समोरच्या बचावपटूशी एकटा झुंजायचा, बाकीचे बघत राहायचे. प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत क्लिपर्स संघाकडून सात सामन्यांत हरले आणि जॅक्सन यांना जावं लागलं.

त्यांच्या जागी आले स्टीव्ह कर. यापूर्वी त्यांनी एकाही संघाला प्रशिक्षण दिलं नव्हतं. खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं, तीन शिकागोत फिल जॅक्सन यांच्या हाताखाली आणि दोन सॅन अँटोनियोत ग्रेग पॉपोविच यांच्या हाताखाली. नंतर फिनिक्सचे जनरल मॅनेजर, मग टीव्हीवर समालोचन. गाठीला एवढंच. पण या प्रत्येक ठिकाणाहून त्यांनी काहीतरी बरोबर आणलं होतं. शिकागोतून ट्रँगल नावाच्या आक्रमण-पद्धतीतले कट (चेंडूशिवाय अचानक मोकळ्या जागेत शिरणं), सॅन अँटोनियोतून चेंडू हातात न धरता अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायची सवय, आणि फिनिक्सचा वेग. फिनिक्सचे माजी प्रशिक्षक अल्विन जेंट्री यांना तर आक्रमण सांभाळायला सहायक म्हणूनच घेतलं.

नवे खेळाडू म्हणाल तर नाव घेण्यासारखे शॉन लिव्हिंगस्टन आणि लिआंद्रो बार्बोसा, दोघेही राखीव फळीतले. सुरुवातीचे पाच जण आधीपासून संघातच होते. कर यांनी त्यांच्यापुढे एक साधं उद्दिष्ट ठेवलं : सामन्याला ३०० पास. हंगामाची सरासरी त्याच्याही वर गेली.

आता एक चाल जवळून बघू, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. अँड्र्यू बोगट, सात फुटी सेंटर, फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी पाठ करून उभा आहे. करी त्याला चेंडू देतो. आमच्या मुली इथेच थांबतात, पास दिला की काम संपलं. करी मात्र थांबत नाही. तो थॉम्पसनच्या बचावपटूकडे धावतो, त्याला स्क्रीन लावणार, म्हणजे वाटेत उभं राहून अडवणार, असा अंगाचा रोख ठेवून. दोघांचे बचावपटू क्षणभर गोंधळतात. दोघेही थॉम्पसनकडे झुकले, तर करी स्क्रीन लावायच्या आधीच अंग वळवून रिंगकडे शिरतो. दोघेही करीला धरायला गेले, तर थॉम्पसन थ्रीच्या, म्हणजे तीन गुणांच्या, रेषेबाहेर एकटा. बोगट डोक्यावर चेंडू धरून हे सगळं बघतोय, आणि जो मोकळा झाला त्याच्या हातात तो चेंडू ठेवतो. याला स्प्लिट म्हणतात. यात सर्वांत उत्तम नेमबाजाच्या हातात चेंडू नसतो, तरी सगळ्या बचावाची नजर त्याच्यावर असते. आणि ज्या सेंटरला आजवर फक्त रिबाउंडपुरतं, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यापुरतं, धरलं जायचं, तो निर्णय घेत असतो.

मला वाटतं, कर यांनी हेच केलं. ज्यांच्या हातात चेंडू येत नव्हता त्यांच्या हातात तो दिला. ते स्वतः आयुष्यभर अशाच जागेवर खेळले होते. १९९७ च्या अंतिम फेरीचा सहावा सामना आठवा. ८६-८६ बरोबरी, शेवटचे काही सेकंद, चेंडू जॉर्डनकडे. समोरच्या संघाचा जॉन स्टॉकटन आपल्या माणसाला सोडून जॉर्डनवर धावला, आणि तो सोडलेला माणूस होता स्टीव्ह कर. जॉर्डनने पास दिला, कर यांनी फ्री-थ्रो रेषेजवळून तो मारला, शिकागो बुल्स विजेते. ज्याला सोडून दिलं जातं त्याच्या हातात चेंडू आला तर काय होतं, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

आम्ही आता मैदानाच्या कडेला दोन वाट्या ठेवल्यात. बाकावरची मुलगी दर पासला एका वाटीतला चिंचोका दुसरीत टाकते. पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या खेळात सतरा पडले. तुमचं काय मत आहे, सांगा.

लेगस्पिन

लेख आवडला. मी क्रिकेटवाला, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. करीसारखा खेळाडू संघात असेल तर प्रशिक्षकाने पास मोजले काय आणि नाही मोजले काय, तो जिंकवणारच ना? श्रेय नेमकं कशाला द्यायचं?

आकडेमोड

@लेगस्पिन, प्रश्न रास्त आहे. हे बघा.

करी २०१३-१४ मध्ये सामन्याला सरासरी ३६.५ मिनिटं खेळला आणि २४ गुण केले. २०१४-१५ मध्ये ३२.७ मिनिटं आणि २३.८ गुण. म्हणजे त्याचे गुण वाढलेच नाहीत, उलट तो जवळजवळ चार मिनिटं जास्त बाकावर बसला. संघाचे गुण मात्र १०४.३ वरून ११० वर गेले, लीगमध्ये पहिला क्रमांक. असिस्ट, म्हणजे ज्या पासवर थेट बास्केट होते ते, २३.३ वरून २७.४, तोही पहिला. विजय ५१ वरून ६७.

हे ११० गुण थोडे फसवेही आहेत, कारण संघ वेगाने खेळू लागला आणि वेग वाढला की पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या, वाढतात. म्हणून दर शंभर पझेशनला किती गुण हे बघायला हवं. तिथेही हा संघ बाराव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आला, पुढे फक्त क्लिपर्स. बदल खरा आहे, नुसत्या धावपळीचा नाही.

करीला त्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला, तो योग्यच. पण जो माणूस कमी वेळ खेळून तेवढेच गुण करतो आणि त्याच्या आसपासचे सगळे वधारतात, त्याच्याभोवती काहीतरी बदललंय हे मान्य करायला हवं.

नागपाड्याचा_गार्ड

ताई, लेख मनापासून लिहिलाय, पण मार्क जॅक्सन यांच्यावर थोडा अन्याय झालाय असं मला वाटतं.

ते आले तेव्हा वॉरियर्स म्हणजे हरणारा संघ. १९९४ नंतर २०१३ पर्यंत हा संघ प्लेऑफमध्ये फक्त एकदा, २००७ मध्ये, गेला होता. जॅक्सन यांनी त्यांना डिफेन्स करायला लावला. करी आणि थॉम्पसन ही इतिहासातली सर्वोत्तम नेमबाज जोडी आहे असं जॅक्सन जाहीरपणे म्हणाले, तेव्हा लोक हसले होते. पोरांच्या डोक्यात ती गोष्ट त्यांनीच घातली. आणि २०१४-१५ चा संघ नुसत्या आक्रमणावर जिंकलेला नाही, डिफेन्समध्ये तो पहिला होता. तो पाया कुणाचा?

मी वीस वर्षं नागपाड्याच्या कोर्टवर खेळलोय. तिथे आधी डिफेन्स शिकवतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर कोर्टभोवती माणसं उभी असतात, आणि तुमचा माणूस तुम्हाला चकवून गेला तर आधी ती माणसं ओरडतात. प्रशिक्षकाचा नंबर नंतर. म्हणून मला जॅक्सन कळतात.

चिंचोके

@नागपाड्याचा_गार्ड, दादा, तुमचं म्हणणं पटलं. मी पाया लिहिलाच नाही, थेट इमारतीवर गेले. स्वतः कर यांनीही जॅक्सन यांचं श्रेय अनेकदा उघडपणे मान्य केलंय. डिफेन्स मोडून नवा मांडायच्या भानगडीत ते पडले नाहीत. रॉन ॲडम्स यांच्यासारखा मुरलेला सहायक आणला आणि जे चांगलं होतं ते त्यांच्या हाती दिलं. नवा माणूस आला की आधीच्याचं सगळं पुसायचा मोह होतो. मी स्वतः या मुलींबरोबर पहिल्या वर्षी तो केला आणि सहा महिने वाया घालवले.

खाडीपलीकडे

मी तेव्हा ओकलंडपासून अर्ध्या तासावर राहायचो. ऑफिसमधल्या एकाकडे सीझन तिकिटं होती, त्याच्या कृपेने त्या वर्षी ओरॅकल अरीनात चार सामने बघितले. बार्ट ट्रेनमधून कॉलिझियम स्टेशनवर उतरायचं, लांबलचक पुलावरून गर्दीबरोबर चालत जायचं, पुलावर कुणी टोप्या विकतंय, कुणी भाजलेले सॉसेज. आत शिरलं की कान बधिर.

मला आठवतो तो तिथला आवाज. आधीच्या वर्षी मी दोन सामने बघितले होते, तेव्हा बास्केट झाली की लोक ओरडायचे. २०१४-१५ मध्ये लोक बास्केटच्या आधी ओरडायला लागले. एक पास, दुसरा पास, तिसऱ्याला हळूहळू उठायला सुरुवात, आणि चौथा पास कोपऱ्यात मोकळ्या माणसाकडे निघाला की सगळं स्टेडियम उभं. चेंडू अजून हवेतच असायचा.

आणि सोनेरी टीशर्ट. 'स्ट्रेंग्थ इन नंबर्स' लिहिलेले. ते घोषवाक्य कर यांच्यामुळे आलं आणि ते नुसतं शर्टावर राहिलं नाही, बाकावरचा दहावा-अकरावा माणूसही खरोखर खेळायचा. १९ जून २०१५ ला ओकलंडमध्ये मिरवणूक निघाली, तेव्हा मी मुलीला खांद्यावर घेऊन लेक मेरिटपर्यंत गेलो. चाळीस वर्षांनी आलेलं विजेतेपद. शेजारी उभे असलेले एक आजोबा १९७५ च्या संघातल्या खेळाडूंची नावं घेत रडत होते.

कोपऱ्यातला_थ्री

इगुडालाबद्दल कुणीच बोललं नाही अजून!

आंद्रे इगुडाला. ऑल स्टार खेळलेला, ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेला माणूस. दहा वर्षांच्या कारकिर्दीत एकही साखळी सामना त्याने बाकावरून सुरू केला नव्हता. कर यांनी पहिल्याच वर्षी त्याला सांगितलं की तू बाकावरून येशील आणि हॅरिसन बार्न्स सुरुवात करेल. बार्न्स तेव्हा बावीस वर्षांचा, आधीचं वर्ष वाईट गेलेलं. राखीव फळीबरोबर चेंडू घेऊन एकटाच झगडत बसायचा. त्याला चांगल्या खेळाडूंबरोबर खेळवलं की त्याला मोकळे शॉट मिळतील, आणि राखीव फळीला इगुडालासारखा डोकं शांत असलेला, पास देणारा माणूस मिळेल. कागदावर हे सोपं आहे. पण त्या माणसाच्या तोंडावर जाऊन ते सांगणं?

कर यांनी हंगाम सुरू व्हायच्या आधीच खेळाडूंच्या गाठीभेटी घ्यायला सुरुवात केली होती. बोगटला भेटायला ते थेट ऑस्ट्रेलियाला गेले. अमेरिकन फुटबॉलमधल्या सिॲटल सीहॉक्सच्या शिबिरात जाऊन पीट कॅरल यांचं काम बघितलं. तिथून आल्यावर आपला संघ कोणत्या मूल्यांवर उभा राहील हे ठरवलं : आनंद, सजगता, करुणा आणि स्पर्धा. व्यावसायिक संघाच्या सरावात गाणी लावायची हे अनेकांना खटकलं असेल, पण वॉरियर्सच्या सरावात गाणी वाजायची.

आणि मग अंतिम फेरी. क्लीव्हलंड २-१ ने पुढे. चौथ्या सामन्याच्या आदल्या रात्री निक युरेन नावाच्या २८ वर्षांच्या सहकाऱ्याने सुचवलं की बोगटला बसवा, इगुडालाला सुरुवातीला घ्या. त्याने आदल्या वर्षीच्या अंतिम फेरीची चित्रफीत बघितली होती, त्यात सॅन अँटोनियो स्पर्सने असाच बदल केला होता. हा मुलगा मुख्य सहायकांपैकीही नव्हता. कर यांनी ऐकलं. सामना सुरू झाला आणि वॉरियर्स ०-७ ने मागे! दुसरा कुणी असता तर तिथेच घाबरून बोगटला परत आणलं असतं. कर यांनी धीर धरला. वॉरियर्स १०३-८२ ने जिंकले, पुढचे दोन्हीही जिंकले, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इगुडाला. सामना संपल्यावर कर यांनी ती कल्पना कुणाची होती हे नाव घेऊन सांगितलं. मला ते नाव घेणं फार आवडतं.

शिट्टी

तो चौथा सामना आमच्याकडे सकाळी साडेसहाला होता. सोनी सिक्सवर बघितला, चहा गार झाला, पहिल्या तासिकेला उशीर झाला. अजून आठवतो.

आकडेमोड

थोडं वेगळं मत मांडतो, कारण सगळेच पासच्या प्रेमात पडलेत.

पास म्हणजे चांगलं आक्रमण असं समीकरण मांडता येत नाही. २०१७-१८ चे ह्यूस्टन रॉकेट्स घ्या. माइक डी'अँटोनी प्रशिक्षक, जेम्स हार्डन आणि ख्रिस पॉल. चेंडू एकाच्या हातात, चौघे लांब पसरलेले, आणि एकास एक झुंज. आपल्या ताईंना नको आहे नेमका तोच खेळ. तो संघ ६५ सामने जिंकला, आक्रमणात लीगच्या अगदी वर होता, आणि प्लेऑफमधल्या मालिकेत वॉरियर्सविरुद्ध ३-२ ने पुढेही होता. पॉल जखमी झाला, सातव्या सामन्यात सलग २७ थ्री चुकले, नाहीतर इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

दुसरं म्हणजे करीला पिक अँड रोल, म्हणजे सहकाऱ्याच्या स्क्रीनच्या आडून चेंडू घेऊन शिरायची चाल, जास्त खेळवा ही मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. करी स्क्रीन घेऊन चेंडूसह येतो तेव्हा त्याला अडवणं जवळजवळ अशक्य, तरी वॉरियर्स ही चाल लीगमध्ये सगळ्यात कमी खेळणाऱ्या संघांपैकी एक असायचा. म्हणजे कर यांनी सगळ्यांना चेंडू मिळावा म्हणून हातातली सर्वांत धारदार चाल मुद्दाम कमी वापरली. काही सामने त्यामुळे हरलेही असतील. माझ्या मते प्लेऑफच्या अटीतटीच्या क्षणी ती जास्त वापरायला हवी होती.

चिंचोके

@आकडेमोड, हा प्रतिसाद वाचून मी काल रात्री बराच वेळ विचार करत होते.

हार्डनचा खेळ वाईट असं मी म्हणणार नाही. तो त्या चौघांना मोकळे शॉट मिळवून द्यायचा आणि ते चौघे मारायला तयार असायचे. माझ्या चौघी तयार नाहीत, कारण त्यांच्या हातात चेंडू येतच नाही. आणि साखळीचे ८२ सामने हीच खरी अडचण आहे. ऑक्टोबर ते एप्रिल कोपऱ्यात उभं राहून ज्याला दिवसातून दोन पास मिळतात, त्याच्याकडे जूनमध्ये अचानक चेंडू आला तर त्याचे हात गार पडलेले असतात.

ड्रेमंड ग्रीन बघा. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या फेरीत, ३५ व्या क्रमांकावर निवडलेला. २०१४ च्या हंगामाआधी डेव्हिड लीला दुखापत झाली म्हणून त्याला सुरुवातीला घेतलं, आणि तो परत बाकावर गेलाच नाही. प्लेऑफमध्ये समोरचे संघ करीवर दोन-दोन माणसं टाकायला लागले. करी लगेच चेंडू ग्रीनला द्यायचा, आणि आता ग्रीनसमोर चारास तीन. तो चेंडू घेऊन दोन पावलं टाकतो, रिंगखालचा बचावपटू पुढे येतो की नाही ते बघतो, आला तर वर उडवून बोगटला, नाही आला तर स्वतः, आणि कोपऱ्यातला माणूस आत सरकला तर बाहेर इगुडाला किंवा बार्न्सला. हे सगळं एका श्वासात. हंगामभर निर्णय घ्यायची सवय नसती, तर तो ग्रीन तिथे चेंडू धरून उभा राहिला असता.

म्हणजे तुमची पिक अँड रोलची धार चालली, ती बाकीच्यांच्या हातांना सवय होती म्हणून. अटीतटीला ती जास्त वापरायला हवी होती, हे मात्र तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. मला तिथे ठामपणे नाही म्हणता येत.

नागपाड्याचा_गार्ड

एक आठवण सांगतो, आपल्या मुंबईशी जोडलेली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईत जन्मलेले, आणि किंग्ज घेण्याआधी ते वॉरियर्सच्याच मालकांपैकी एक होते. ४ तारखेचा पहिला सामना जवळपास ३००० शाळकरी मुलांसमोर झाला, पेसर्स जादा वेळेत १३२-१३१ ने जिंकले. मी ५ तारखेला गेलो.

किंग्जच्या बाकासमोर उभे होते ल्यूक वॉल्टन, कोर्टवर हॅरिसन बार्न्स. दोघेही २०१५ च्या विजेत्या वॉरियर्समधले, एक सहायक प्रशिक्षक आणि एक सुरुवातीच्या पाचातला. मी बरोबरच्या पोरांना म्हणालो, या उंच वॉल्टनकडे नीट बघा. २०१५-१६ मध्ये कर यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती, पहिले ४३ सामने ते बाकावर नव्हते. ते सगळे सामने वॉल्टन यांनी सांभाळले. पहिले २४ सलग जिंकले, ४३ पैकी ३९ जिंकले. त्या वर्षी संघ ७३ विजयांवर गेला.

म्हणून मार्क जॅक्सन यांची बाजू घेऊनही मी कर यांना मानतो. प्रशिक्षक घरी पलंगावर पडलाय आणि त्याचा खेळ मैदानावर जसाच्या तसा चालू आहे.

कोपऱ्यातला_थ्री

@नागपाड्याचा_गार्ड, याच्याच जोडीचं : फेब्रुवारी २०१८ मध्ये फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात कर यांनी टाइमआउटमध्ये फळा आणि पेन खेळाडूंच्या हातात दिलं. इगुडाला, डेव्हिड वेस्ट, ग्रीन आळीपाळीने चाली काढत होते. १२९-८३ ने जिंकले. समोरच्या संघाचा अपमान झाला अशी टीकाही झाली. कर यांचं म्हणणं असं की आपला आवाज ऐकून ऐकून खेळाडू कंटाळलेत आणि हा संघ त्यांचाच आहे.

लेगस्पिन

धागा वाचता वाचता दोन जुने सामने बघितले. एक शंका. इतके पास म्हणजे चेंडू हातचा जाण्याची शक्यताही तितकीच वाढणार. त्यांचं तसं झालं नाही का?

चिंचोके

@लेगस्पिन, झालं! नेमकं तेच झालं. पहिले पाच सामने जिंकले, पण चेंडू गमावण्याचं प्रमाण सामन्याला वीसच्या आसपास. मग फिनिक्स आणि सॅन अँटोनियोकडून लागोपाठ हरले. प्रत्येकाला डोळे दिपवणारा पास द्यायचा होता. न बघता, पाठीमागून, दोन माणसांच्या मधून.

कर यांनी पास कमी करा असं सांगितलं नाही. साधे पास द्या असं सांगितलं. त्यासाठी त्यांनी बेसबॉलची उपमा दिली होती, की प्रत्येक वेळी होम रन मारायला जाऊ नका, एक-एक बेस घ्या. तुमच्या भाषेत एकेरी धावा. त्यानंतर सलग १६ विजय, आणि मेम्फिसमध्ये ती मालिका थांबली त्याआधी संघ २१ विजय, २ पराभव असा होता.

लेगस्पिन

एकेरी धावा! आता समजलं. स्ट्राइक फिरता ठेवला की क्षेत्ररक्षण आपोआप विस्कटतं. आमच्या क्लबचे जुने सर हेच सांगायचे.

शिट्टी

ताई, मीपण शाळेत पीटी घेतो. तो स्प्लिट मुलांना कसा शिकवायचा? माझी पोरं एकमेकांवर आपटतात.

चिंचोके

@शिट्टी सर, आमच्याही आपटल्या. मी असं केलं. आधी चेंडूशिवाय, फक्त तिघी. एक फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी, दोघी बाहेर. पास दिल्याचा नुसता हाताने अभिनय, आणि पास देणारीने दुसरीच्या दिशेने तीन पावलं मोजून जायचं. तिसऱ्या पावलाला "आत" किंवा "बाहेर" असं मोठ्याने ओरडायचं. ओरडणं महत्त्वाचं, त्यामुळे दुसरीला कळतं आणि टक्कर होत नाही. ती आत म्हणाली की दुसरीने बाहेर राहायचं. चार दिवसांनी चेंडू दिला. बचाव करणाऱ्या मुली अजून आणलेल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात आणीन. आणि मधे उभी राहायला उंच मुलगी हवी असं नाही. मी जिला यायचं नव्हतं तिला उभं केलंय, कारण तिची नजर सगळीकडे असते. तशी ती असणारच, दोन वर्षं ती नुसतं बघतच होती.

शिट्टी

उद्याच करून बघतो. तुमचे चिंचोके किती झाले?

चिंचोके

काल दहा मिनिटांत एक्केचाळीस. पण सराव सामना हरलो. चेंडू इतक्या वेळा गमावला की मोजणारी मुलगी वैतागून म्हणाली, ताई, याच्यासाठी तिसरी वाटी लागेल. आमची ती सगळ्यात तयारीची मुलगी घरी जाताना रुसली होती. तिने आठ गुण केले, एरवी वीस करते. तिच्याशी मी बसून बोलले, पुन्हाही बोलावं लागेल. कर यांना करी मिळाला होता, जो कमी मिनिटं खेळूनही खूश राहिला. तेरा वर्षांच्या मुलीकडून ते एका आठवड्यात होणार नाही.

@लेगस्पिन, उद्या एकेरी धावांचा दिवस आहे. फक्त दोन्ही हातांनी छातीपासून दिलेले पास. जमिनीवर टप्पा घेणारे पास पुढच्या आठवड्यात.